डिमेन्शियाच्या घरातला दुसरा रुग्ण : जोडीदाराला आधार देणारे समाजसेवक

माझे फुफा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रात्री तीनला उठायचे, अंगात शर्ट चढवायचे आणि फुफीला विचारायचे, "तिकिटाची पेटी कुठं ठेवलीस? पहिली गाडी चुकेल माझी." फुफी समजूत घालून त्यांना परत झोपवायची. तासाभरात पुन्हा तेच. दिवसा ते तिच्यावर पैसे चोरल्याचा आळ घ्यायचे. एकदा तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कोण? माझी बायको येईल आता, तुम्ही जा."

फुफीनं दोन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. थोरला मुलगा कुवेतला, धाकटा पुण्यात. फोन आला की "सब खैरियत है" म्हणायची. शेवटी तिलाच चक्कर आली, पडली आणि मनगट मोडलं. सरकारी रुग्णालयात प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सोबतच्या फुफांचं वागणं पाहिलं. त्यांना मानसोपचार विभागात दाखवलं आणि फुफीला समाजसेवा विभागात पाठवलं. तिथल्या बाईंनी फुफांचे कागद बाजूला ठेवले आणि फुफीला विचारलं, "तुम्ही शेवटचं सलग कधी झोपलात?"

फुफी तिथंच रडायला लागली. दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी तिची सख्खी भाची. मीसुद्धा "फुफा कसे आहेत?" एवढंच विचारत होते.

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. डिमेन्शिया एकाला होतो, पण त्या घरात रुग्ण दोन असतात. दुसऱ्या रुग्णाकडे, म्हणजे नवऱ्याकडे किंवा बायकोकडे, बघणं हे समाजसेवकाचं काम. ते काम काय असतं, ते कुठं मिळतं आणि त्याचा उपयोग कसा करून घ्यायचा, हे माहीत असलेलं बरं.

डिमेन्शिया म्हणजे काय

डिमेन्शियाला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात. हा एक आजार नव्हे, तर मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे दिसणाऱ्या लक्षणांचा गट आहे. स्मरणशक्ती, विचार, भाषा, दिशा आणि वेळेचं भान, रोजची कामं करण्याची क्षमता हळूहळू कमी होत जाते. यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमरचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डिमेन्शियाच्या ६० ते ७० टक्के रुग्णांत तोच कारणीभूत असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या बिघाडामुळे, लहान-मोठ्या पक्षाघातांनंतर होणारा प्रकारही आपल्याकडे बराच दिसतो. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं.

२०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता. भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार साठ वर्षांवरच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते जास्त आढळलं. म्हणजे हा 'शहरातल्या शिकलेल्या लोकांचा आजार' हा समज खरा नाही.

बहुतेक प्रकारांत आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही. काही औषधांनी लक्षणं काही काळ आटोक्यात राहतात. पण एक गोष्ट विसरू नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, डोक्याला मार लागून मेंदूवर साचलेलं रक्त, अशा कारणांनीही विस्मरण होतं आणि त्यांवर उपचार होऊ शकतो. म्हणून "म्हातारपण आहे, चालायचंच" किंवा "नजर लागली आहे" म्हणून घरी बसू नये. दुआ करा, पण तपासणीही करा. दोन्हींत भांडण नाही.

या आजाराचा इतिहासही एका नवरा-बायकोपासून सुरू होतो. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात ऑगस्टे डेटर नावाच्या, पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या बाईला रुग्णालयात दाखल केलं गेलं. तिचं विसरणं, संशय घेणं आणि रात्रीचं जागरण नवऱ्याला एकट्याला सांभाळता येईना. डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिला तपासलं, तिच्या मृत्यूनंतर मेंदूचा अभ्यास केला आणि १९०६ मध्ये तो डॉक्टरांसमोर मांडला. पुढे आजाराला अल्झायमर यांचं नाव मिळालं. तिच्या नवऱ्यावर काय गुजरली, हे मात्र इतिहासात फारसं कुणी विचारलं नाही.

जोडीदाराचं ओझं वेगळं का असतं

मुलगा, मुलगी, सून हे सगळे सेवा करतात. मग जोडीदाराचा वेगळा विचार कशासाठी? कारणं अशी:

पहिलं म्हणजे वय. सत्तरीच्या माणसाला सांभाळणारी बायको स्वतः पासष्टीची असते. तिचे गुडघे, तिची साखर, तिचा मोतीबिंदू हे सगळं मागं पडतं. नवऱ्याची गोळी ती चुकवत नाही, स्वतःची रोज विसरते.

दुसरं, रात्र. मुलं दिवसा मदत करतात. रात्री त्या खोलीत जोडीदार एकटाच असतो. आणि या आजारात संध्याकाळनंतर अस्वस्थपणा वाढण्याचा त्रास बऱ्याच रुग्णांना होतो.

तिसरं, नातं. मुलाला बाप ओळखेनासा झाला की दुःख होतं. पण ज्याच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केला, त्यानं "तू कोण?" विचारणं, चारित्र्यावर संशय घेणं, किंवा सगळ्यांसमोर नको तसं वागणं, हे बायको कुणाला सांगणार? मुलांना सांगता येत नाही, शेजारणीला तर नाहीच.

चौथं, वियोग. माणूस समोर बसलेला आहे, पण तो पूर्वीचा माणूस नाही. अमेरिकेतल्या कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाला एक नाव दिलं, त्याचा अर्थ 'धूसर वियोग' असा सांगता येईल. इंतकाल झाला की लोक येतात, पुरसा देतात, घरात जेवण पाठवतात. इथं जनाजा निघालेला नाही, म्हणून पुरसा द्यायलाही कुणी येत नाही. दुःख मात्र रोजचं असतं.

नवऱ्यांचंही असंच. बायकोला डिमेन्शिया झाला तर ज्या माणसानं आयुष्यात कधी चहा केला नाही, त्याला पोळी-भाजी, बायकोची अंघोळ, कपडे, सगळं शिकावं लागतं. पुरुष मदत मागायला आणखी लाजतात. "मी बघतो" म्हणतात आणि आतून खचत जातात.

हा समाजसेवक कोण

आपल्याकडे 'समाजसेवक' म्हटलं की चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला फोटो डोळ्यांसमोर येतो. इथं तो अर्थ नाही. हा एक शिकून केलेला पेशा आहे. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., दोन वर्षांची असते. मानसिक आजारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांनी त्यापुढे मानसोपचार समाजकार्यात एम.फिल. केलेलं असतं. या शिक्षणाची भारतातली सुरुवात मुंबईतच झाली. १९३६ मध्ये जी संस्था सुरू झाली, ती आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमण्याची देशातली सुरुवातही १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली.

आज ते कुठं भेटतात? मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' असं पद असतं. केसपेपर काढल्यावर "समाजसेवा विभाग कुठं आहे?" एवढं विचारायचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञासोबत मानसोपचार समाजसेवकाचं पद असतं. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. मोठ्या खासगी रुग्णालयांत आणि ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांतही समाजसेवक असतात. भारतीय अल्झायमर आणि संबंधित विकार संस्था १९९२ मध्ये केरळमध्ये सुरू झाली. तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. तिथं सांभाळणाऱ्यांच्या बैठका होतात.

ते नेमकं काय करतात

एक, सांभाळणाऱ्याची चौकशी. झोप किती, जेवण कधी, स्वतःची औषधं चालू आहेत का, घरात कोण कोण आहे, पैसे कुठून येतात, शेवटचं घराबाहेर कधी पडलात. यासाठी काही ठिकाणी 'झारिट' नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यात २२ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. गुण जितके जास्त तितकं ओझं जास्त. आकडा समोर आला की "मी बरी आहे" म्हणणाऱ्या बाईलाही कळतं की आपण बऱ्या नाही. चांगले समाजसेवक लग्नाचा इतिहासही हळूच विचारतात. आयुष्यभर मारहाण सोसलेल्या बाईला त्याच नवऱ्याची सेवा करताना काय वाटत असेल, हे समजून घेतल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

दोन, आजार समजावणं. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात. समाजसेवक बसून सांगतात की तो आळ घेतो तो मुद्दाम नाही. वस्तू ठेवलेली जागा मेंदू विसरतो आणि 'कुणीतरी चोरली' असा अर्थ लावतो. एवढं कळलं तरी अर्धा राग उतरतो.

तीन, घरात काय करायचं ते ठरवणं. वाद घालू नका, विषय बदला. "तुमची ड्यूटी आज नाही, साहेबांचा निरोप आला" हे फुफांना पटायचं. "तुम्ही रिटायर झालात" म्हटलं की ते चिडायचे. दुपारची झोप कमी करणं, संध्याकाळी दिवे लवकर लावणं, बाहेरच्या दाराला वर कडी लावणं (पण आग-धुराच्या वेळी ती पटकन निघाली पाहिजे आणि माणसाला घरात एकटं कोंडून जायचं नाही), खिशात नाव-पत्ता-फोन नंबरची चिठ्ठी ठेवणं. असल्या बारीक गोष्टी घर पाहून ठरतात.

चार, घरच्यांची बैठक. माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच. समाजसेवक मुलं, सुना, मुली, भाऊ यांना एकत्र बसवतात आणि विचारतात, कोण काय करणार? फुफीच्या वेळी कुवेतचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. तो पैसे पाठवत होता, त्याला वाटायचं आपण सगळं करतोय. त्याला पहिल्यांदा कळलं की अम्मी दोन वर्षं रात्रीची झोपलेली नाही. बैठकीत लिहून ठरलं: धाकटा महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार येऊन रात्री अब्बांजवळ झोपेल, थोरला दिवसाच्या मदतनीसाचे पैसे देईल, मी बुधवारी दुपारी जाऊन बसेन. बुधवारी फुफीनं करायचं काय? काहीही. बहिणीकडे जायचं, नाहीतर नुसतं झोपायचं.

पाच, विसाव्याची सोय. काही शहरांत डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी दिवसाची देखभाल केंद्रं आहेत. नसली तर शिकलेला मदतनीस, नातेवाईक, शेजारी यांच्यातून वेळ उभा करावा लागतो. पुरुष रुग्णाला पुरुष मदतनीस आणि बाई रुग्णाला बाई मदतनीस हवी, हे समाजसेवकाला आधीच स्पष्ट सांगावं. त्यात संकोच कसला? ते तशी व्यवस्था शोधतात.

सहा, शेवटपर्यंतची साथ. रुग्ण अंथरुणाला खिळला की, आणि त्याच्या इंतकालनंतरही. बऱ्याच जोडीदारांना नंतर पोकळी जाणवते, आणि "सुटले" असं वाटल्याचा अपराधीपणाही. तोही बोलून हलका होतो.

याचा उपयोग होतो का

दोन अभ्यास सांगते. पहिला न्यूयॉर्क विद्यापीठातला. मेरी मिटेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ पासून अल्झायमरच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या नवऱ्या-बायकांसोबतच काम केलं. एकूण ४०६ जोडीदार होते. निम्म्यांना नेहमीची मदत. बाकीच्यांना समुपदेशनाच्या सहा बैठका: दोन एकट्या जोडीदाराबरोबर, चार घरच्यांबरोबर. घरच्या बैठकांत रुग्ण नसायचा. त्यानंतर सांभाळणाऱ्यांचा गट आणि गरज पडेल तेव्हा फोनवर सल्ला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या जोडीदारांना हा आधार मिळाला, त्यांच्या रुग्णांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी, म्हणजे दीड वर्षानं पुढे गेली. आजार तोच होता. फरक पडला तो मुख्यतः जोडीदाराची उदासी कमी झाल्यानं, घरच्यांचा आधार वाढल्यानं आणि रुग्णाच्या वागण्याला तोंड देण्याची ताकद आल्यानं.

"ते अमेरिकेत, आपल्याकडे एवढे समाजसेवक कुठं?" हा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधलं गेलं. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसोबत सहा महिने काम केलं. त्यांनी पदवीधर तज्ज्ञांऐवजी शक्यतो बारावी शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या गृहसल्लागारांना थोडं प्रशिक्षण दिलं. ते निम्म्या कुटुंबांकडे निदान पंधरा दिवसांतून एकदा जायचे, आजार समजावायचे, वागणं हाताळायला शिकवायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायचे, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं आणि रुग्णाच्या वागण्यानं होणारा मनस्ताप कमी झालेला दिसला. ओझ्याच्या मापातला फरक मात्र सिद्ध म्हणावा इतका नव्हता. काम कमी झालं नाही, पण काम करणारा माणूस सावरला, असा मी याचा अर्थ घेते.

सही, पैसा आणि कायदा

या गोष्टी आजाराच्या सुरुवातीलाच करायच्या असतात. समाजसेवक वकील नसतात, पण कुठं जायचं हे त्यांना ठाऊक असतं.

मुखत्यारपत्र : बऱ्याच घरांत समज असतो की एकदा मुखत्यारपत्र केलं की झालं. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज हरपली की साधं मुखत्यारपत्र संपतं. नंतर मालमत्तेचे व्यवहार करायचे तर जोडीदाराला न्यायालयात पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून बँक खातं दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही' चालवू शकेल असं, आधीच करून घ्यावं.

नामनिर्देशित प्रतिनिधी : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार कुणीही प्रौढ माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून उपचाराच्या निर्णयांसाठी आपला प्रतिनिधी नेमू शकतो. हा अधिकार उपचारापुरता आहे, मालमत्तेसाठी नाही.

निदान झालं म्हणजे माणसाचा सहीचा हक्क त्याच दिवशी संपला असं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात समज शाबूत असते आणि त्याचं मत विचारलंच पाहिजे. पण समज गेल्यावर घाईघाईनं हिबा किंवा बक्षीसपत्रावर अंगठा घेणं चूक आहे. असं घडत असेल तर समाजसेवकाला सांगा.

मुलं बघत नसतील तर : आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ नुसार मुलांकडून निर्वाह मागता येतो. महाराष्ट्रात अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. जिल्ह्याचे समाजकल्याण अधिकारी अर्जदाराच्या वतीनं उभे राहू शकतात. कायद्यातली मर्यादा महिना १०,००० रुपयांपर्यंत आहे.

योजना : ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. घरी चालणाऱ्या रोजच्या औषधांचा खर्च त्यात येत नाही. गरीब कुटुंबातल्या ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, अर्ज तहसील कार्यालयात.

फोन : ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७. मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, चोवीस तास. टेलिमानसचा फोन सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठीही करावा.

आपल्या घरांत उठणारे काही प्रश्न

फुफा जुहरची नमाज पढून दहा मिनिटांत पुन्हा वजू करायला उठायचे. रकात विसरायचे, मग स्वतःवरच चिडायचे. फुफीला भीती, यांची नमाज होत नसेल तर गुनाह कुणाला? शरीअतमध्ये इबादतीची जबाबदारी अक्ल असण्यावर आहे. ज्याची अक्ल हरपली त्याच्यावर ती राहत नाही. आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे डॉक्टरांकडून समजून घेऊन आपल्या आलिमांना विचारा. रोज्याचंही तेच, खासकरून साखरेच्या गोळ्या चालू असतील तर. पण नमाज त्यांना शांत करत असेल तर मुसल्ला काढून घेऊ नका. जुनी सवय बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते आणि माणसाला धीर देते.

दुसरा प्रश्न कुणी उघड विचारत नाही. भ्रमात किंवा संशयात नवरा 'तलाक' म्हणाला तर? बाई ते ऐकते आणि रात्रंदिवस जळत राहते. ज्याची अक्ल हरपली आहे त्याचा तलाक फिकहमध्ये ग्राह्य धरत नाहीत. आजाराच्या टप्प्याबद्दल शंका असेल तर डॉक्टरांचे कागद घेऊन जाणत्या मुफ्तींना विचारा. देशाच्या कायद्यानंही २०१९ पासून एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल आहे. हा प्रश्न समाजसेवक बाईंना सांगायला लाजू नका. त्यांनी असे प्रश्न आधीही ऐकलेले असतात.

तिसरा, घरची गोष्ट बाहेर जाईल ही भीती. समाजसेवकाला गुप्तता पाळावी लागते. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच ते पुढे कळवतात.

आणि चौथा, सब्र. "सेवा माझा फर्ज आहे, मी सब्र करीन," असं फुफी म्हणायची. तिला त्या बाईंनी जे सांगितलं ते मला फार पटलं. त्या म्हणाल्या, "सेवा तुम्हीच करा, ती तुमच्याकडून काढून घ्यायला मी आलेले नाही. पण तुम्ही पडलात तर त्यांना कोण बघणार?" मदत घेतल्यानं सब्र कमी होत नाही.

ताबडतोब मदत कधी घ्यावी

सांभाळणाऱ्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील. रागाच्या भरात रुग्णावर हात उचलला गेला असेल. रुग्ण मारहाण करत असेल. रुग्ण घर सोडून हरवला असेल (हरवल्यास लगेच ११२ वर पोलिसांना कळवा, चोवीस तास थांबायचं नसतं). रुग्णाचं वागणं एक-दोन दिवसांतच अचानक बिघडलं असेल. या शेवटच्या बाबतीत लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, किंवा औषधांचा परिणाम असू शकतो, म्हणून लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

हात उचलला गेला हे सांगायला लाज वाटते. पण ते सांगणारा माणूस वाईट नसतो, थकलेला असतो. समाजसेवक हे ऐकून आधी विसाव्याची सोय करतात.

समाजसेवक नसेल तिथं

खरं बोलायचं तर आपल्या तालुक्यांत समाजसेवक फार कमी आहेत. रुग्णालयात एकाच्या माथी शेकडो रुग्ण असतात. घरी येऊन बघतील अशी सोय थोड्याच ठिकाणी आहे. ते डिमेन्शिया बरा करू शकत नाहीत आणि न येणाऱ्या मुलाला ओढून आणू शकत नाहीत.

पण गोव्यातल्या कामानं एक गोष्ट दाखवली. बारावी शिकलेला, नीट शिकवलेला, नियमित येणारा माणूससुद्धा फरक पाडतो. आपल्या मोहल्ल्यात बचत गट आहेत, मशिदीची जमात आहे, शाळा आहेत, आशाताई आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार समाजसेवकाला बोलावून एक दिवसाची माहिती बैठक घेणं अवघड नाही. प्रत्येक घरामागं आठवड्यातून दोन तास बसणारा एक माणूस ठरवणंही अवघड नाही. आपण मय्यतच्या घरी जेवण पाठवू शकतो, तर जिवंत माणसाला सांभाळणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन तास देऊ शकतो.

फुफा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत घरीच होते. शेवटी शेवटी फुफीला नावानं ओळखत नव्हते, पण तिचा हात धरला की झोपायचे. फुफी आता बरी आहे. अजूनही कधी रात्री तीनला तिला जाग येते म्हणते.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर आज फोन करा. "ते कसे आहेत?" हे विचाराच. पण त्याआधी विचारा, "तुम्ही कशा आहात? रात्री झोप लागते का?" आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.